तत्त्वज्ञानात एम.ए. बाहेर करायचंय, जर्मन किती यावी लागते? (मराठी माध्यम, बी.ए. ६८ टक्के)

बोरीकाठचा (धागाकर्ता) | १४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अमळनेरचा. यंदा बी.ए. झालो. स्पेशल तत्त्वज्ञान, पूर्ण मराठी माध्यम, ६८ टक्के. आमच्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्यामुळे "हा विषय घेऊन करणार काय?" हा प्रश्न आमच्याकडे इतर गावांपेक्षा जरा उशिरा विचारतात. पण विचारतातच.

टी.वाय.ला कांट होता. सरांच्या नोट्समध्ये सगळीकडे 'ज्ञान' एवढा एकच शब्द. पुढे इंग्रजी भाषांतर मिळालं तर तिथे एकासाठी दोन शब्द. कोणता कुठे आणि का, हे कळेना. सरांना विचारलं तर म्हणाले, मूळ जर्मन बघावं लागेल. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे.

तर प्रश्न असे. जर्मनीत एम.ए.ला जर्मन किती लागते? इंग्रजीतून होतं का? मराठी माध्यम चालतं का? घरी पिठाची गिरणी आहे, शेती नाही. बाबा नाही म्हणणार नाहीत, पण मला आकडा सांगावा लागेल.

---

कोरडा_हिशोब | १५ जून, सकाळी ७:०५

आकडा मी सांगतो, तत्त्वज्ञान बाकीचे सांगतील.

जर्मनीच्या व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच एका बंद खात्यात ठेवून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. रुपयांत दहा लाखांच्या वर. पैसे तुमचेच, दर महिन्याला तुम्हालाच परत मिळतात, पण जाण्याआधी एकरकमी उभे करावे लागतात. त्याच्याआधी एपीएसचं प्रमाणपत्र, ज्यात तुमच्या मार्कशीट खऱ्या आहेत का ते तपासतात. भारतातल्या विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालं, फी १८,००० रुपये. अर्ज बऱ्याच ठिकाणी युनि-असिस्ट या संस्थेमार्फत जातो: पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०.

एवढं करून परत येऊन काय, हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही. सकाळी सकाळी मूड घालवायचा नाही.

---

उंटावरचा | १५ जून, सकाळी ९:४०

जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना पण? माझा मावसभाऊ गेलाय, इंजिनिअरिंगला. एक रुपया फी नाही.

---

फिरती_शरयू | १५ जून, दुपारी २:१५

उंटावरचा, बहुतेक राज्यांत नाही, हे खरं. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. आणि गंमत म्हणजे हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ट्युबिंगन ही सगळी त्याच राज्यात. म्हणजे तत्त्वज्ञानवाल्यांच्या स्वप्नात येणारी गावं नेमकी पैसे घेणारी.

बोरीकाठचा, मी जर्मनीत एम.ए. जर्मनमधूनच केलं, आता फ्रांकफुर्टजवळ नोकरी करते (तत्त्वज्ञानाशी संबंध नाही, कोरडा_हिशोब यांनी आनंद मानावा). सविस्तर लिहिते, कारण मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

जर्मन माध्यमाच्या एम.ए.ला साधारण सी-१ पातळी लागते (ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांतली पाचवी). ती दाखवायचे मार्ग ठरलेले: टेस्टडाफमध्ये चारही विभागांत ४, किंवा डीएसएच परीक्षेत दुसरी श्रेणी, किंवा टेल्कची विद्यापीठांसाठीची सी-१, किंवा गोएथेची सी-२. डीएसएच तिकडच्या विद्यापीठात जाऊन द्यायची असते. शून्यापासून सी-१ पर्यंत पाऊण तासाच्या ८०० ते १००० तासिका धरतात. घरचं काम वेगळं. रोज क्लास लावून, दुसरं काही न करता दीड वर्ष. नोकरी करत असलास तर तीन. हिवाळी सत्राच्या अर्जाची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, तेव्हा यंदाचं विसर.

आता गुण. आपले टक्के ते एका सूत्राने त्यांच्या श्रेणीत बदलतात. कमाल १००, पास ४०, तुझे ६८. शंभरातून ६८ गेले, उरले ३२. त्याला ६० ने भाग, तीनने गुण, एक मिळव. आले २.६. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. काही विभाग २.५ पर्यंतच घेतात, आणि २.५ म्हणजे आपले बरोबर ७० टक्के. दोन टक्क्यांनी काही दारं बंद, पण सगळी नाहीत. आधी प्रत्येक विभागाची अट वाच, मग रड.

खरी अडचण टक्क्यांची नसतेच, क्रेडिटची असते. ते विचारतात, बी.ए.मध्ये निव्वळ तत्त्वज्ञानाचे क्रेडिट किती? आपल्याकडे एफ.वाय.ला सहा विषय, सक्तीचं इंग्रजी, एस.वाय.ला जनरलचा पेपर. तिन्ही वर्षांचं मिळून तत्त्वज्ञान मोजायला बसलं की हातात फार येत नाही. मला प्रवेश दिला तो दोन अटी घालून: बॅचलरच्या मुलांबरोबर आकारिक तर्कशास्त्राचा एक पेपर आणि प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचा एक. विशीतल्या पोरांच्या मागच्या बाकावर बसून सत्यतासारण्या भरल्या. म्हणून आत्ताच कॉलेजातून प्रत्येक पेपरचा सिलॅबस सही-शिक्क्यासह इंग्रजीत करून घे. आमच्या हेडक्लार्कने मला त्यासाठी चार वेळा परत पाठवलं होतं. पाचव्यांदा मी पेढे नेले, कारण तोवर आमची ओळखच झाली होती.

---

बोरीकाठचा | १५ जून, रात्री १०:५०

ताई, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार. सूत्र वहीत उतरवून घेतलं. इंग्रजीतून करायचं झालं तर?

---

लुव्हनवारी | १६ जून, रात्री १२:३०

त्यासाठी बेल्जियम बघ की! लुव्हनची तत्त्वज्ञान संस्था १८८९ साली मेर्सिए यांनी काढली आणि १९६९ पासून तिथे इंग्रजीतून अभ्यासक्रम आहे. वर्षाचं एम.ए. वेगळं, दोन वर्षांचं संशोधनाचं वेगळं. कांट, हेगेल, हुसर्ल, हायडेगर सगळे इंग्रजीतून शिकवतात. डच नाही आली तरी अडत नाही (बटाटे घ्यायलासुद्धा नाही).

पण "इंग्रजीतून" याचा अर्थ नीट समजून घे. वर्ग इंग्रजीत. प्रबंध हुसर्लवर लिहायचा म्हणालास की मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारणार, जर्मन वाचता येते का? सर्टिफिकेट कुणी मागत नाही. पुस्तक पुढे सरकवतात.

इथे हुसर्लचं दप्तर आहे. ते इथे कसं आलं, तो किस्सा ऐकण्यासारखा आहे. हुसर्ल १९३८ मध्ये फ्रायबुर्गला वारले. जन्माने ज्यू, त्यामुळे कागद नाझींच्या हाती लागले तर संपलंच. व्हान ब्रेडा नावाचे फ्रान्सिस्कन पाद्री तिथे पीएच.डी.साठी गेले होते. त्यांनी खटपट करून जवळजवळ चाळीस हजार पानं लुव्हनला आणली. आणि ही पानं साध्या जर्मनमध्ये नाहीत, गाबेल्सबेर्गर नावाच्या लघुलिपीत आहेत. म्हणजे चांगली जर्मन येणाऱ्यालाही समोरचा कागद वाचता येत नाही. माझे आजोबा तलाठी होते, मोडी वाचायचे. मला मराठी येते, पण त्यांच्या पेटीतले कागद मला वाचता येत नाहीत. अगदी तसंच.

---

उंटावरचा | १६ जून, सकाळी ८:१०

आयेल्ट्स (इंग्रजीची परीक्षा) नको असेल तर कॉलेजकडून मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शनचं पत्र आण. बरीच विद्यापीठं त्यावर सोडतात. माझ्या मावसभावाने तेच केलं.

---

फिरती_शरयू | १६ जून, दुपारी १:००

मावसभावाचं इंजिनिअरिंग इंग्रजीत झालं असेल. याचं बी.ए. मराठी माध्यमात झालंय, त्या पत्रात कॉलेज काय लिहिणार? माझ्या ओळखीच्या एकाने "अध्यापनाचे माध्यम इंग्रजी" असं पत्र आणलं, आणि पडताळणीत उत्तरपत्रिका मराठीत लिहिल्याचं निघालं. ते वर्ष गेलं ते गेलंच. मराठी माध्यम लपवू नकोस, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मराठीत बी.ए. झालं म्हणून कुणी दार लावत नाही. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, इतकंच. दे सरळ.

---

पाचवे_वर्ष | १६ जून, रात्री ९:४५

अमेरिकेची बाजू मी सांगतो. इथे एम.ए. करून मग पीएच.डी. असं फारसं नसतं, थेट पीएच.डी.लाच घेतात. पाच-सहा वर्षं, फी माफ, वर स्टायपेंड, बदल्यात पोरांचे पेपर तपासा. एम.ए. स्वतंत्र केलं तर बहुतेक खिशातून. तीन वर्षांची बी.ए. सगळीकडे पुरत नाही, म्हणून आपल्याकडचे बरेच जण भारतात एम.ए. करून येतात. मीही तसाच आलो. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी सोडून दिली आहे. अर्ज डिसेंबर-जानेवारीत, तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेखनाचा नमुना: पंधरा-वीस पानांचा एक निबंध. बाकी सगळं यथातथा असलं तरी त्यावर निभतं. तो पडला तर बाकीच्याने काही होत नाही.

परकीय भाषेची अट पूर्वी जवळजवळ सगळीकडे होती: जर्मन, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक यांतल्या एक-दोन. आता बऱ्याच जागी काढली किंवा "तुझ्या विषयाला लागत असेल तर" एवढ्यावर आणली. आमच्या विभागात होती. मी फ्रेंच दिली. एक उतारा, शब्दकोश जवळ, दोन तास, इंग्रजीत भाषांतर करा. उन्हाळाभर घोकली, पास झालो, आणि आज मला फ्रेंचमध्ये पाणीसुद्धा मागता येणार नाही. कांट करायचा असेल तर असली जर्मन कामाची नाही.

---

जुना_खडू | १७ जून, सकाळी ६:२०

चिरंजीव, धागा वाचून आनंद झाला. मी तेहतीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले, आता निवृत्त आहे. लेखनाच्या नमुन्याचा मुद्दा वर आला म्हणून लिहितो, कारण आपली मुले तिथेच मार खातात, भाषेत नाही.

आपली प्रश्नपत्रिका काय विचारते? "कांटच्या नीतिशास्त्राची सविस्तर चर्चा करा." मुलगा आठ पाने चर्चा करतो. त्या आठ पानांत त्याचे स्वतःचे एक वाक्य नसते, आणि आम्हीच त्याला गुण देतो. मीही दिले. तोच निबंध बाहेर पाठवला की पहिल्या पानावरच वाचणारा थांबतो, कारण यात वाद कुठे आहे हे त्याला दिसत नाही.

एक उदाहरण देतो. १७९७ साली कांटने एक छोटा लेख लिहिला. खुनी दाराशी येऊन विचारतो, तुझा मित्र घरात लपला आहे का? कांट म्हणतो, तरीही खोटे बोलू नये. आता महाभारतात कर्णपर्व काढा. कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिकाने सत्याचे व्रत घेतलेले. दरोडेखोर विचारतात, माणसे कुठे गेली? हा खरे सांगतो, माणसे मारली जातात, आणि कौशिक नरकात जातो. प्रसंग एकच, निवाडे अगदी उलट. का? कृष्णाला परिणाम मोजायचे आहेत म्हणून, की तो 'सत्य' या शब्दाचाच अर्थ वेगळा घेतो म्हणून? दुसरा पर्याय धरला तर कृष्ण कांटला उत्तर देतच नाही, तो वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतो आहे. या एका मुद्द्यावर पंधरा पाने लिहा. आधी मराठीत लिहा. मराठीत जे पटत नाही ते इंग्रजीत गेल्याने पटत नाही, फक्त चटकन लक्षात येत नाही.

जाता जाता: वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश, १९७४, तीन खंड. तुमच्या गावातल्या एखाद्या ग्रंथालयात असेल. धूळ झटकून बघा.

---

मधला_बाक | १७ जून, सकाळी ११:३०

सरांना +१.

पण मराठीत शिकण्याची किंमत देशातही मोजावी लागते, हे कुणी बोलेना म्हणून लिहितो. मी पुण्यात एम.ए. केलं, उत्तरपत्रिका मराठीत लिहिल्या, कुणी हरकत घेतली नाही. मग नेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला) बसलो. दीडशे प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीला दंड नाही. इथवर ठीक. पण भाषाविषय सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच. हिंदीत 'प्रागनुभविक' वाचलं आणि आमच्या नोट्समधलं 'अनुभवपूर्व' ते हेच, हे कळायला दहा सेकंद गेली. दीडशे प्रश्नांत अशी किती दहा सेकंदं जातात, बघा. शेवटी दोन रकाने समोर ठेवून, इंग्रजी एका डोळ्याने आणि हिंदी दुसऱ्या डोळ्याने, असा पेपर सोडवला. दुसऱ्या खेपेला झालो पास.

आणि २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. फक्त पीएच.डी.पुरतं पात्र ठरलेल्याला ७० टक्के वजन नेटचं, ३० टक्के मुलाखतीचं. तेव्हा बोरीकाठचा, बाहेर जायचं जमलं नाही तरी परकी भाषा चुकली असं समजू नको.

---

त्रिपिटकवाली | १७ जून, संध्याकाळी ५:५०

सगळे कांटच्याच मागे लागलेत म्हणून थोडं अवांतर. (फारसं अवांतर नाही.)

भारतीय तत्त्वज्ञान बाहेर शिकायचं म्हटलं की आपल्याला वाटतं, हे तर घरचंच. मी व्हिएन्नाला बौद्ध प्रमाणशास्त्र करायला आले. संस्कृत होती, पाली होती, छाती फुगलेली. पहिल्याच आठवड्यात विचारलं, तिबेटी? मी म्हटलं, तिबेटी कशाला? तर दिङ्नागाचा प्रमाणसमुच्चय मूळ संस्कृतात अख्खा उपलब्धच नाही, तिबेटी भाषांतरातून वाचावा लागतो. धर्मकीर्तीच्या प्रमाणवार्तिकाची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायनांना १९३० च्या दशकात तिबेटच्या मठांत सापडली, म्हणून आज ती मुळातून वाचता येते. आणि या सगळ्यावरचं जुनं संशोधन जर्मनमध्ये. तर मी संस्कृत ग्रंथ समजून घ्यायला तिबेटी शिकले, आणि तिबेटीचं व्याकरण समजून घ्यायला जर्मन. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे द्राविडी प्राणायाम!

अशा वेळी धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यातल्या साखवाळचे. शाळेचं शिक्षण जेमतेम. संस्कृतसाठी पुणे आणि काशी, काशीत अन्नछत्रात जेवून. पालीसाठी थेट सिलोन. आणि पुढे हार्वर्डला विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाला. कुठल्या भाषेची कुठली पातळी, असं त्यांना कुणी विचारलं असेल?

शिष्यवृत्तीचंही एक सांगते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांत २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरचे विषय वगळले आहेत. म्हणजे त्या पैशावर कांट वाचायला जाता येईल, नागार्जुन वाचायला नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे, तिथे विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट बघावी लागते. जर्मनीच्या डाड या संस्थेची शिष्यवृत्ती सगळ्यांना खुली.

---

कोरडा_हिशोब | १७ जून, संध्याकाळी ७:१५

संस्कृत समजायला तिबेटी आणि तिबेटी समजायला जर्मन. मी काहीच बोललो नाही, याची नोंद घ्यावी.

---

तर्कटी | १७ जून, रात्री ८:४०

म्युन्शेनला (म्हणजे म्युनिकला) तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान हे एम.ए. पूर्ण इंग्रजीतून आहे. तिथलं गणिती तत्त्वज्ञानाचं केंद्र २०१० साली सुरू झालं. सेमिस्टरला नाममात्र वर्गणी सोडली तर फी नाही. पण कांटसाठी जाणार असशील तर सावध. कांट वाचायला जाशील आणि संभाव्यतेची गणितं सोडवत बसशील. मला तेच हवं होतं, मी खूश.

---

बोरीकाठचा | १८ जून, रात्री ११:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. महाकोश मिळाला! दुसऱ्या खंडाची बांधणी सुटली आहे, पण आहे.

एक शंका मात्र वाढली. सी-१ झालं म्हणजे कांट वाचता येईल ना? की नाही?

---

फिरती_शरयू | १९ जून, दुपारी ३:३०

नाही. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

'भाषेची अट' म्हणतो आपण, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वर्गात बसायची भाषा, दुसरी ग्रंथ वाचायची. पहिलीचं सर्टिफिकेट मिळतं. दुसरीचं मिळत नाही आणि ती संपतही नाही. अर्जाच्या फॉर्मवर फक्त पहिली असते, म्हणून सगळी धावपळ तिच्यामागे.

माझा पहिला सेमिनार. बाराजणं, एक लांब टेबल, दोन तासांत कांटचं अर्धं पान. माझ्याकडे चांगल्या गुणांचं सी-१. कांटचे शब्द कळत होते, शब्दकोश होता. कळत नव्हतं ते पोरांचं बोलणं! 'डोख', 'एबन', 'हाल्ट' असे चिमुकले शब्द मध्येच येत आणि वाक्य फिरवून जात. कोण मान्य करतंय आणि कोण टोला मारतंय, तेच समजेना. महिनाभराने डोक्यात उजेड पडला की हे आपले 'च', 'की', 'ना', 'बरं' आहेत. "आहे की!" यातला 'की' कुठल्या शब्दकोशात बघणार? त्या दिवसापासून मी मनात मराठी लावून ऐकायला लागले, इंग्रजी नाही, आणि वर्ग सोपा झाला.

दुसरं उलट. कांटचं वाक्य दहा ओळी चालतं आणि उपवाक्याचं क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी माध्यमवाले वैतागतात. आपण लहानपणापासून क्रियापदाची वाट बघतच ऐकतो. लिंगंही आपल्याकडे तीन. तुझ्या मराठी माध्यमाचा तोटा आयेल्ट्सपुरता; जर्मन वर्गात तोच फायदा.

हेगेलचा 'आउफहेबन' हा शब्द घे. मोडीत काढणं, जपून ठेवणं आणि वर उचलणं, तिन्ही एकदम. इंग्रजीवाले त्यासाठी 'सब्लेट' वापरतात, जो एरवी कुणाच्या तोंडी नसतो. माझी आई रोज सकाळी ओरडायची, "गाद्या उचलून ठेव!" खाली घातलेली गादी उचलायची, म्हणजे अंथरूण मोडलं; पण गादी फेकली नाही, घडी करून वर ठेवली, रात्री लागणार आहे. सेमिनारमध्ये मी हे सांगितलं. प्राध्यापकांनी 'उचलून ठेव' दोनदा म्हणून बघितलं. 'च'वर अडखळले, पण म्हणाले.

तुझ्या दोन 'ज्ञानां'चं: एक 'एर्केन्टनिस', दुसरं 'विस्सन'. यातला फरक मी इथे चार ओळींत सांगितला तर तुझा भुंगा मरेल, म्हणून सांगत नाही. एवढं कर: कांटच्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'च्या कुठल्याही धड आवृत्तीत समासात ए आणि बी असे आकडे असतात, १७८१ आणि १७८७ च्या पहिल्या दोन आवृत्त्यांची पानं. मूळ जर्मन इंटरनेटवर मोफत आहे. इंग्रजीत जिथे अडलास तो आकडा घे आणि जर्मनमध्ये त्याच आकड्यावर जा. जर्मन येत नसली तरी दोन शब्द वेगळे आहेत एवढं डोळ्यांना दिसेल. प्लेटो-अॅरिस्टॉटललाही असे आकडे असतात. कुठल्याही भाषेत वाचा, पत्ता एकच.

---

जुना_खडू | १९ जून, संध्याकाळी ६:०५

शरयूताई, 'गाद्या उचलून ठेव' मी वर्गात तेहतीस वर्षे वापरले असते. आता सांगता!

अमळनेरवरून आठवले. कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात तुमच्या त्या मंदिराचे संचालक होते. विचारांतले स्वराज्य हा त्यांचा ध्यास: परक्या कल्पना आपल्या भाषेत उतरवून पाहिल्याशिवाय त्या आपल्या झाल्या असे समजू नये. साने गुरुजीही तिथे शिकायला आलेले. चिरंजीव, तुम्ही जिथे खेळलात ती जागा लहान नाही.

---

कोरडा_हिशोब | १९ जून, रात्री ९:३०

ठीक आहे, व्यावहारिक सल्ला देतो. घर सोडून दीड वर्ष नुसती जर्मन करू नकोस. पुण्यात एम.ए.ला प्रवेश घे. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे जर्मनचे वर्ग चालतात आणि खाजगी क्लासपेक्षा खिशाला परवडतात. मॅक्सम्युलर भवनही पुण्यात आहे. दोन वर्षांत एम.ए. आणि बी-२ हाताशी. क्रेडिटचा प्रश्न सुटतो, एम.ए.ला गुण चांगले पडले तर ते २.६ चं दुखणं हलकं होतं. आणि मन बदललं तर नेट आहेच. यात बंद खात्याचे दहा लाख अजून दोन वर्षांनी लागतात, आजच नाही.

---

मधला_बाक | १९ जून, रात्री १०:१०

कोरडा_हिशोब तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला प्रवेश घ्यायला सांगतायत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

बोरीकाठचा | २ सप्टेंबर, रात्री ११:१५

धागा वर काढतोय. पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला, जर्मनचा ए-१ सुरू झालाय. सकाळी सात ते नऊ जर्मन, मग सायकलवरून विद्यापीठ. कौशिकावर मराठीत सहा पानं झाली आहेत. जुना_खडू सर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, सवडीने बघा. चौथ्या पानावर अडलोय: कृष्ण 'सत्य' शब्दाचा अर्थ बदलतोय असं म्हटलं, तर मग कौशिक नरकात का जातो? त्याला तो अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.

गणपतीला घरी गेलो होतो. आकडा सांगितला. बाबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, दोन वर्षं आहेत ना, बघू. माय म्हणाली, आधी काय शिकलास ते तर दाखव. म्हणून गिरणीत बसून शब्द सांगितले. पीठ म्हणजे 'दास मेल', नपुंसकलिंगी, ते पीठ. गिरणी म्हणजे 'डी म्यूलं', स्त्रीलिंगी, ती गिरणी. दोन्ही जुळली, तर माय खूश. मग सूर्य सांगितला, 'डी झोनं', तो तिकडे बाई आहे. बाबांनी दळण थांबवून विचारलं, "आणि चंद्र?"